दोन पावत्या

धुवायला टाकलेल्या शर्टाचे खिसे चाचपताना वहिनीच्या हाताला दोन पावत्या लागल्या. दोन्ही एकाच महिन्याच्या, दोन्ही युनियनच्या वर्गणीच्या. युनियन मात्र वेगळ्या. एक पावती जुन्या, मान्यताप्राप्त युनियनची. दुसरी नव्या युनियनची, जी तिच्याच नवऱ्यानं पाच-सहा जणांना सोबत घेऊन वर्षभरापूर्वी उभी केली होती. शर्ट दिराचा होता. तिनं पावत्या घडी घालून देवाच्या तसबिरीमागे सरकवल्या, पण तिचा नवरा, दोघा भावांतला थोरला, दारातच उभा होता आणि त्यानं पाहिलं.

घर जानेफळचं, मेहकर तालुक्यातलं. दोघे भाऊ खामगावच्या एका सरकी-तेलाच्या कारखान्यात कामाला. आठवडाभर तिथेच खोलीवर राहायचं, सुट्टीला गावी यायचं. घरची चार एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर. शेतीवर पोट भरत नाही आणि शेती सोडवतही नाही, अशी गत असलेली घरं या भागात गल्लोगल्ली आहेत. गोष्टीतली ही माणसं आणि हा कारखाना मी रचलेला आहे. ज्या कायद्यात ती अडकली तो मात्र खरा आहे.

"दोन्ही कायले घेतल्या?" थोरल्यानं विचारलं.

"एक तू मांगतली म्हणून. दुसरी मुकादमानं मांगतली म्हणून."

"मंग तू हायेस कोणाचा?"

धाकटा गप्प राहिला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही, ते मोठ्यानं म्हणता येईल अशी जागा नव्हती. पाळ्या मुकादम लावत असे, आणि मुकादम जुन्या युनियनचा. रात्रपाळी सलग दोन महिने मागे लागली की माणसाचं काय होतं हे त्यानं शेजारच्या मशीनवर पाहिलं होतं. इकडे थोरला भाऊ म्हणजे बापामागे बापाच्या जागी. धाकट्याच्या लग्नाचं कर्ज त्यानं स्वतःच्या ओव्हरटाइममधून फेडलेलं. मुकादमाला नाही म्हणायला भीती आड येत होती, भावाला नाही म्हणायला उपकार. दोन्हीकडून हात पुढे आला आणि दोन्हीकडे यानं पैसे दिले.

आपल्या राज्यात हे घडतं त्याला कारण आहे. कामगार संघटनांना मान्यता देण्याचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९७१चा, लागू झाला १९७५ साली. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ज्या युनियनकडे मागचे सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद आहेत, तिला औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागता येते. आधीच्या युनियनला हटवायचं तर तिच्यापेक्षा जास्त सभासद दाखवावे लागतात. दाखवायचे ते वर्गणीच्या नोंदींवरून. तपास अधिकारी येतो, दप्तर पाहतो, पावतीपुस्तकं पाहतो, कामगारांना विचारतो. मतपेटीचा उल्लेख त्यात नाही. म्हणजे माणूस कोणाच्या बाजूचा हे ठरतं त्यानं कोणाची पावती फाडली यावर, आणि पावती कधी एकांतात फाडली जात नाही. समोर मागणारा उभा असतो.

नव्या युनियननं मान्यता मागितली आणि असाच एक अधिकारी या कारखान्यात आला. कारखान्यात दीडशे कामगार. अधिकाऱ्यानं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तेव्हा नावं भरली एकशे नव्वद. म्हणजे निदान चाळीस माणसं दोन्हीकडे होती. धाकट्याला हे कळलं तेव्हा त्याला पहिल्यांदा हायसं वाटलं. थोरल्याला मात्र घाम फुटला, कारण या एकशे नव्वदात पंचाण्णव सह्या त्यानं स्वतः घरोघर फिरून जमवल्या होत्या आणि त्यातला प्रत्येक माणूस आपला आहे अशी त्याची खात्री होती.

मग दोन्ही पुस्तकांत नाव असलेल्या माणसांना एकेक करून मॅनेजरच्या केबिनशेजारच्या खोलीत बोलावलं. अधिकारी सज्जन होता, प्रश्न सरळ विचारत होता. पण खोलीच्या दाराशी मुकादम हजेरीबुक घेऊन बसला होता आणि दार उघडंच होतं. धाकट्याची पाळी आली.

"तुम्ही कोणत्या युनियनचे सभासद?"

"जुन्या."

दिवस मावळायच्या आत ही बातमी थोरल्यापर्यंत पोचली. खोलीवर आल्यावर त्यानं भाकरी खाल्ली नाही आणि भावाशी बोलला नाही. त्या आठवड्याला दोघे वेगवेगळ्या गाडीनं जानेफळला आले.

खोलीत त्यांच्यासोबत तिसरा एक जण राहत असे, रेल्वेच्या भुसावळ विभागात रूळ सांभाळणारा. त्यानं मध्ये पडून सांगितलं, "आमच्याकडं असं नसते. आमी चिठ्ठी टाकतो." रेल्वेत कोणत्या युनियनला मान्यता द्यायची हे २००७पासून गुप्त मतदानानं ठरतं. मग २०१३ला झालं, त्यानंतर बरीच वर्षं लांबलं आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा झालं. त्यात त्यानंही मत दिलं होतं. "साहेबाले मालूम नाई, युनियनले मालूम नाई, घरच्याइले बी नाई. शिक्का मारला, घडी केली, पेटीत टाकली."

थोरल्याच्या मनात ते बसलं. त्याला मुंबईचा गिरणी संप पाठ होता. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, पण १९४६च्या कायद्यानुसार बोलणी करायचा हक्क होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. गिरण्यांच्या दारात सगळी माणसं एका बाजूला आणि कागदावर प्रतिनिधी दुसरा. कामगारांना एकदा तरी पेटीपाशी नेऊन विचारा, ही मागणी मान्य झाली नाही. तो संप रीतसर मागे घेतला गेला असंही कधी झालं नाही. गिरण्या गेल्या, माणसं गेली. "एक चिठ्ठी," थोरला म्हणायचा, "एक चिठ्ठी टाकू दिली असती तं?"

मला त्याचं म्हणणं पटतं. मात्र हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही, हेही खरं. माजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगानं १९६९मध्ये अहवाल दिला, त्यात नोंदी तपासायच्या की मतदान घ्यायचं याचा एकच निकाल लावला नाही. प्रकरण पाहून ठरवावं, असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये अन्न महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात गुप्त मतदान कसं घ्यावं याची पद्धत घालून दिली. याद्या, चिन्हं, मतपत्रिका, मोजणी, सगळं. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्यानं वाटाघाटी करणाऱ्या युनियनसाठी ५१ टक्क्यांची अट आली. पण टक्के कितीही ठेवले तरी ते मोजताना मोजल्या जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोण उभं आहे, हा प्रश्न उरतोच.

आणि एक गोष्ट नीट पाहावी अशी आहे. अमेरिकेत २००९ साली हाच वाद एका विधेयकाच्या रूपानं त्यांच्या संसदेपुढे होता. तिथे युनियनवाले म्हणत, सह्यांची कार्डं मोजा. मालक म्हणत, पेटी ठेवा, कामगाराचं गुप्त मत पवित्र आहे. ते विधेयक काही मंजूर झालं नाही. आपल्याकडे पाहिलं तर नव्या युनियन पेटी मागतात आणि खुर्चीवर बसलेल्या युनियन पावतीपुस्तक छातीशी धरतात. तत्त्व तेच, बाजू उलट्या. ज्याला ज्या मापानं मोजल्यावर फायदा होतो त्याला ते माप लोकशाहीचं वाटतं. म्हणून पेटी मागणारा कोण आहे हे पाहून पेटीची किंमत ठरवू नये. पेटीच्या आत जाणारा माणूस पाहावा.

थोरल्यानं कारखान्यातही पेटीची मागणी लावून धरली. जुनी युनियन पेटीला नाही म्हणत होती. कारखान्याचा मालकही नाही म्हणत होता. मग एके दिवशी मालकानं अचानक होकार दिला आणि त्याच्या होकारानंतर जुन्या युनियनलाही मागे राहता येईना. तिघांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. मतदान सहा आठवड्यांनी, सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. थोरला आनंदानं घरी आला. वहिनीनं एवढंच विचारलं, "सहा आठवडे काहून?"

काहून, ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. नव्या युनियनच्या दोघांची बदली दूरच्या गोदामावर झाली. चहाच्या वेळी मॅनेजर मशीनपाशी येऊन आपुलकीनं बोलू लागला. युनियन बदलली तर नवा करार व्हायला वर्ष लागेल, मग बोनसही लांबेल, असं तो सहज सांगून जाई. काहींना मागितल्याशिवाय उचल मिळाली. धाकट्याची रात्रपाळी निघाली आणि दिवसपाळी आली, न मागता. त्याला कळलं की ही दिवसपाळी म्हणजे तिसरी पावती आहे, फक्त कागद नसलेली. त्याच सहा आठवड्यांत थोरलाही स्वस्थ नव्हता. तो रात्री जेवणाच्या वेळी लोकांच्या खोल्यांवर जायचा, बायकापोरांसमोर बसायचा आणि म्हणायचा, "भाऊ, सही केली हाय तू. देवाची आन हाय तुले."

मतदान कारखान्याबाहेर एका शाळेच्या खोलीत झालं. जुन्या युनियनला तराजू हे चिन्ह मिळालं होतं, नव्या युनियनला फावडं. पडद्यामागे एका वेळी एकच माणूस. दीडशेपैकी दोघे आले नाहीत, तीन मतं बाद झाली. तराजूला एकाहत्तर, फावड्याला चौऱ्याहत्तर.

नवी युनियन जिंकली, तीन मतांनी. पोरांनी गुलाल उधळला, थोरल्याला खांद्यावर घेतलं. पण त्याच्या डोक्यात दुसराच आकडा घुमत होता. सह्या पंचाण्णव, मतं चौऱ्याहत्तर. एकवीस माणसांनी त्याच्या डोळ्यांत पाहून सही केली होती आणि पडद्यामागे जाऊन दुसरं काही केलं होतं. त्या रात्री जानेफळला येऊन तो कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली वही घेऊन बसला आणि नावं लिहू लागला. कोण असतील हे एकवीस? वहीतलं पहिलं नाव लिहायला त्याला विचार करावा लागला नाही. ते शेजारच्या खोलीत झोपलं होतं.

"उठव त्याले," तो बायकोला म्हणाला. "आज मले त्याच्या तोंडून आयकू दे."

वहिनी उठली नाही. तिनं वही आपल्याकडे ओढली आणि मिटली.

"माया माहेरी दारूचं दुकान बंद झालं, ते तुमाले माईत हाय," ती म्हणाली. "कसं झालं ते कधी विचारलं नाई तुमी."

महाराष्ट्रात २००८पासून ही सोय आहे. गावातल्या बायकांनी ठरवलं तर दारूचं दुकान मतदानानं बंद करता येतं. आधी एक चतुर्थांश बायकांच्या सह्यांचा अर्ज. मग उत्पादन शुल्क खात्याचे लोक येऊन सह्या खऱ्या आहेत का ते बाईला समोर बोलावून विचारतात. त्यानंतर गुप्त मतदान, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान उठतं. घरी बसलेली बाई म्हणजे दुकानाच्या बाजूची, असाच त्याचा हिशोब होतो.

"दुकान माया सख्ख्या आत्याच्या घरचं," वहिनी सांगत होती. "अर्जावर पयली सही मायनं केली. मंग साहेब आले सह्या तपासाले. दुकानावरचा पोरगा, आत्याचा लेक, तिथंच मोटरसायकलवर बसलेला. साहेबानं विचारलं, बाई, ही सही तुमची का? माय म्हणली, नाई जी, माई नाई. साऱ्या बाया थुकल्या तिच्या नावानं. गद्दार म्हणल्या. मतदानाच्या दिवशी दुकानवाल्यानं जीपा लावल्या, बायाइले शेगावले दर्शनाले न्याले, फुकट. माय जीपमंदी नाई बसली. रांगेत गेली, मत टाकून आली. दुकान उठलं."

"तिनं आडव्यालेच टाकलं असन."

"मले नाई माईत. मी पोटची पोरगी, मले बी तिनं सांगतलं नाई. आन् कोणी विचारलं बी नाई. म्हणून दिवाळीले आत्या आमच्या घरी आली, फराळ घेऊन. सई दाखवून झालं असतं तं दोन्ही घरं जलमभर तुटली असती. आजूबाजूच्या बायाइचं बी तसंच. जीनं टाकलं आन् जीनं नाई टाकलं, दोघी एकाच हापशीवर पाणी भरतात."

थोरला काही बोलला नाही. वहिनी पुढे म्हणाली, आणि हे तिला बोलायला जड गेलं, कारण नवऱ्याला असं बोलायची तिला सवय नव्हती.

"त्या एकवीस माणसाइनं सई केली ते तुमच्या तोंडाकडं पाहून. मुकादम दारात बसला तं तुमाले राग येते. मंग तुमी त्याइच्या ताटापाशी जाऊन बसले, ते काय होतं? मुकादम पाळीची भीती दाखवते. तुमी देवाची आन घालता. भाऊजीची तं गोष्टच निराळी. त्याले तुमी कर्जाची आठवन बी करून द्या लागत नाई, ते त्याच्या डोक्यावरच बसलेलं हाय. त्याच्यापाशी सांगाले एकच जागा होती, पडद्याच्या मांगची. आता तिथं बी जाता तुमी?"

वही दुसऱ्या दिवशी चुलीत गेली. थोरल्यानंच घातली.

इथे गोष्ट संपवता आली असती, पण तसं केलं तर अर्धी बाजू सांगायची राहील. मान्यता मिळाल्यावर नव्या युनियननं मागण्यांची यादी दिली आणि मालकानं ती चार महिने दाबून ठेवली. संपाची भाषा सुरू झाली. १९७१च्याच कायद्यात अशी अट आहे की मान्यताप्राप्त युनियननं संपाची नोटीस देण्याआधी सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा. सभेत थोरला म्हणाला, चिठ्ठ्या टाकू. त्याच्याच बाजूचा एक जुना कामगार उसळून उभा राहिला.

"हात वर करू दे! संपाच्या दिवशी दारात उभं राहाचं तं उघडच राहा लागते. ज्याले हात वर कराची हिंमत नाई तो दारात काय उभा राहीन? गुप्त माणूस संपाले कायले पायजे?"

हे बोलणं पोकळ नव्हतं. युनियन म्हणजे एकमेकांच्या भरवशावर उभी असलेली गोष्ट. शेजारचा कोणत्या बाजूला आहे हे माहीत नसताना कोणी मशीन बंद करत नाही. पडदा माणसाला वाचवतो, पण पडद्यामागून कोणी कोणाच्या बाजूनं उभं राहू शकत नाही. सह्या मोजा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे आणि तो पेटीच्या कौतुकात विसरला जातो. त्यातून पेटीचा दिवस एकच असतो. त्याआधीचे सहा आठवडे मालकाच्या हातात असतात, आणि त्या काळात मॅनेजर मशीनपाशी फिरत असेल तर पडद्याचं कापड किती जाड आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

थोरल्यानं उत्तर दिलं ते साधं होतं. "हात वर कर म्हणलं तं सारेच करतीन. पंचाण्णव सह्या मीच आनल्या होत्या. चौऱ्याहत्तर निंघाल्या. मले खोटे हात नाई पायजे. किती जन खरोखर येतात ते मले आज कळलं पायजे, दारात गेल्यावर नाई."

चिठ्ठ्या टाकल्या. संपाच्या बाजूनं स्पष्ट बहुमत निघालं, आणि तो आकडा खरा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोटीस लागली. नोटीस लागल्याच्या सकाळी पाळी सुटताना धाकटा गेटवर आला, नव्या युनियनचा फलक त्याच्या हातात होता. मुकादम हजेरीबुक घेऊन तिथेच होता. धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि फलक खांबाला बांधला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. थोरला त्या वेळी आत, कचेरीत होता. त्याला हे दुपारी कळलं, ते एका दुसऱ्याच माणसाकडून.

नोटिशीची मुदत संपायच्या आत मालक बोलणीला बसला. पगार, उचल, पाळ्यांची फेरी, या कलमांवर तीन बैठका गेल्या. शेवटचं कलम थोरल्यानं मांडलं ते पुढच्या वेळेच्या मान्यतेचं होतं. मतदान ठरल्यापासून पेटी ठेवेपर्यंत पंधरा दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. त्या दिवसांत कोणाची बदली नाही, पाळीत फेर नाही, कामाच्या वेळी मॅनेजरची सभा नाही. मतदान कारखान्याच्या आवाराबाहेर. आणि कोणत्याही युनियनच्या माणसानं कागद घेऊन कामगाराच्या घरी जायचं नाही. या शेवटच्या वाक्याला त्याच्याच सोबत्यांनी हरकत घेतली, आपलेच हात आपण बांधतोय म्हणून. जुन्या युनियनच्या सेक्रेटरीला निरीक्षक म्हणून बोलावलं होतं. तो म्हणाला, हे वाक्य राहू द्या, आम्हीही पाळू. मॅनेजरनं पंधरा दिवसांऐवजी तीस मागितले. वीसवर जमलं. बाकीचं कलम जसंच्या तसं राहिलं आणि त्याच संध्याकाळी संपाची नोटीस मागे घेतली.